भाड्याऐवजी पोळी-भाजी

या वेळचं पत्र कर्वेनगरहून आलंय. थोडं कमी करून देते आहे.

"वय त्र्याहत्तर. सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर टू बीएचके, लिफ्ट नाही. यजमान जाऊन दोन वर्षं झाली. मुलगा-सून कॅनडात. मला फॅमिली पेन्शन आहे, पैशाची ओढाताण नाही. आमच्याकडे अकरा वर्षं स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी आहेत. सकाळी तासभर येतात, चार हजार घेतात. त्यांची भाची हिंगोली जिल्ह्यातली, एमपीएससी करते. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते, एका खोलीत पाचजणी. कॉटचे चार हजार, मेसचे वेगळे. मावशीच म्हणाल्या, तुमची मागची खोली रिकामी आहे, तिला ठेवता का? माझ्या मनात असं आहे, की भाडं घ्यायचंच नाही. त्याऐवजी तिने सकाळचा चहा-नाश्ता, दोन्ही वेळची पोळी-भाजी, देवाची फुलं, आठवड्याची भाजी, औषधं, मोबाइलवरून बिलं भरणं आणि अधूनमधून काय लागेल ते बघायचं. दिवसाचे तीनेक तास. मग मावशींचे चार हजारही वाचतील. एजंट म्हणाला, या खोलीला सहा हजार सहज येतील, म्हणजे तिचाही फायदाच आहे. मुलगा म्हणतो, आई, ती घुसून बसेल, कूळ लागेल. सेक्रेटरी म्हणतात, आपल्याकडे बॅचलर चालत नाहीत. आषाढात मी बाथरूममध्ये घसरले होते, दूधवाल्याने बेल वाजवली तेव्हा कुठे हाक मारता आली. हे मुलाला सांगितलेलं नाही. तर मुलीला ठेवावं का, आणि ठेवलं तर कसं?"

काकू,

पत्रात पोळ्या आल्या, कूळ आलं, सेक्रेटरी आले आणि बाथरूम शेवटी दोन ओळींत उरकलंत. मी तिथूनच सुरुवात करते. पोळ्या तर मावशी अकरा वर्षं करताहेतच, त्यासाठी तुम्हाला नवं माणूस नको होतं. रात्री घरात कुणीतरी असावं असं वाटायला लागलं ते आषाढापासून, हो ना?

मग मुलगी येवो न येवो, या आठवड्यात एवढं करून घ्या. कमोडशेजारी आणि अंघोळीच्या नळाजवळ भिंतीत स्क्रूने बसवलेले स्टीलचे दांडे. चिकटवायचे, व्हॅक्यूमवाले घेऊ नका, अंगाचा भार पडला की नेमके तेच हातात येतात. दाराची आतली कडी काढून बाहेरूनही नाण्याने फिरवता येईल असं लॉक लावा. एक साधा बटणांचा फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खुंटीला अडकवा, पण खुंटी जमिनीपासून हातभरच उंच हवी. आपण खुंट्या उभ्याने हात पोचेल अशा मारतो आणि पडलेल्या माणसाला त्यांचा काही उपयोग नसतो. घराची एक किल्ली समोरच्या दारी. फ्रिजवर १०८ मोठ्या अक्षरात.

आणि मुलाला सांगा. त्याला घसरल्याचं ठाऊक नाही, म्हणून तुमचा हा बेत त्याला हौसेचा वाटतो आणि तो कुळाच्या गोष्टी करत बसतो. खरं कारण कळलं तर त्याचे प्रश्न बदलतील.

आता हिशेब. आकडे सगळे तुमचेच घेते. रोज तीन तास म्हणजे महिन्याचे ९० तास. खोली सहा हजारांची. तासाला ६७ रुपयेसुद्धा पडत नाहीत. मावशी रोज तासभर येऊन चार हजार घेतात, म्हणजे तासाला साधारण १३३. थोडक्यात, मावशींच्या भाचीला मावशींच्या निम्म्या दराने ठेवायचं, आणि त्यासाठी मावशींचं काम बंद करायचं, असा हा बेत आहे. तुमच्या मनात तसं काही नव्हतं हे पत्रावरून दिसतंच. 'तिचाही फायदा' हे तुम्ही खरंच मनापासून लिहिलंय. पण खोली भाड्यात मोजली आणि काम मोजलंच नाही, की असं होतं. मावशींचाच दर लावला तर सहा हजारांच्या खोलीच्या बदल्यात रोजचा दीड तास होतो. आज ती कॉटचे चार हजार भरते, तेवढंच भाडं धरलं तर एक तास. तीन तास कुठल्याच हिशेबात बसत नाहीत.

शिवाय ते 'अधूनमधून काय लागेल ते'. काकू, तुमच्या यादीतलं सगळ्यात मोठं काम हेच आहे. गॅसवाला आला तर दार उघड, मोटार लागली का बघ, पार्सल घे, चष्मा सापडत नाही, टीव्हीचा आवाज गेला. एकेकाला पाच मिनिटं लागतात. पण पुस्तकातून मान वर काढायला लागणं वेगळंच.

तिच्या दिवसाचा थोडा विचार करू. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. आधी पर्यायांवर गोळे काळे करायचे होते, आता पानंच्या पानं लिहायची आहेत. हा बदल आधी २०२३ पासून होणार होता, त्याविरुद्ध पुण्यातली मुलं रस्त्यावर बसली आणि तो पुढे गेला, हे तुम्ही पेपरात वाचलं असेल. लिहायचा सराव तुकड्यातुकड्यांत होत नाही. सलग तीन तास पेपर लिहून बघावा लागतो. पेठेत राहणारी मुलं सकाळी अभ्यासिकेत शिरतात ती जेवायला बाहेर पडतात, परत शिरतात, रात्री दहा-अकराला खोलीवर येतात. तुमची तीन तासांची कामं सकाळी सात ते आठ आणि संध्याकाळी सात ते नऊ अशी पसरली, की कर्वेनगर ते पेठ जाणं-येणं धरून तिचा दिवस मधोमध मोडतो. तिला संध्याकाळी सहालाच उठावं लागेल. ती पहिले दोन महिने उठेलही, काही बोलणार नाही. पूर्वपरीक्षेच्या आधी चेहरा उतरेल, आणि तुम्हाला वाटेल की हल्ली मुलीचं कामात लक्ष नाही.

मावशींबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंत, चार हजार वाचतील. अकरा वर्षं ज्या घरात पोळ्या लाटल्या त्या घरात आपल्याच बहिणीची मुलगी आणून देऊन स्वतःचं काम घालवलं, असं त्यांच्या वाट्याला येईल. खोली त्यांनी सुचवली तेव्हा त्यांना याची कल्पना होती का, विचारा. मला नाही वाटत. पुण्यात १९८० साली घरकाम करणाऱ्या बायकांनी संप केला होता, त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. पगारवाढ, सुट्टी या गोष्टी मागून मिळवाव्या लागल्या, कुणी आपणहून दिल्या नाहीत. तुमच्या वयाच्या बायकांना तो संप आठवत असेल, काहींना तेव्हा स्वतः भांडी घासावी लागल्यामुळे चांगलाच आठवत असेल. तर मावशींचं काम काढू नका. उलट वाढवा. कसं ते सांगते.

माझं मत विचाराल तर, मुलीला खोली सरळ भाड्याने द्या. आज कॉटला भरते तेच चार हजार घ्या. तुम्हाला पैशाची ओढाताण नाही, मग एजंटच्या सहा हजारांमागे कशाला लागायचं? ते चार हजार मावशींना द्या आणि संध्याकाळी आणखी तासभर बोलवा. तुमच्या खिशातून जास्तीचं काही जात नाही. संध्याकाळी गरम पोळी मिळते. मावशींचा पगार दुप्पट होतो. मुलीला पाचजणींऐवजी स्वतःची खोली मिळते, खिडकीशी टेबल मिळतं. आणि तुम्हाला जे हवं होतं, रात्री घरात जागं-झोपलेलं एक माणूस, ते आपोआप मिळतं. त्यासाठी तिला कामाला लावायची गरजच पडत नाही.

तरी त्यात एक गोष्ट आधीच बोला. रात्री ती घरात असेलच असं गृहीत धरू नका. परीक्षेच्या दिवसांत ती रात्रभर उघड्या असलेल्या अभ्यासिकेत बसेल, दिवाळीला आणि गौरी-गणपतीला गावी जाईल. म्हणून बाथरूममधले दांडे आणि समोरच्या दारची किल्ली आधी. ती मुलगी आहे, पहारेकरी नाही. 'रात्री बाहेर राहणार असशील तर नऊच्या आत एक मेसेज टाक' एवढं मागणं ठीक आहे. कुठे, कुणाबरोबर, हे त्यात येत नाही.

आता दुसरी शक्यता. तिला चार हजारही जड जात असतील. घरी सोयाबीनचा भाव पडला की पुण्यातल्या मुलीच्या मेसचे पैसे थकतात, हे हिंगोली-परभणीकडच्या कुठल्याही मुलीला विचारा. ती स्वतः म्हणाली, 'आजी, मी काम करते, भाडं कमी करा', तर नको म्हणू नका. मानाने काम करून राहण्यात काही कमीपणा नाही, पुण्यात तर पिढ्यान्‌पिढ्या मुलं अशीच शिकली. वार लावून, म्हणजे आठवड्याचा एकेक वार एकेका घरी, जेवणाऱ्या मुलांच्या गोष्टी तुमच्या सासऱ्यांच्या तोंडून तुम्ही ऐकल्या असतील. माधुकरी मागून शिकणाऱ्या मुलांसाठी १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह निघालं, तेच आजचं पुणे विद्यार्थी गृह. वारावर जेवणाऱ्याच्या गोष्टी आपण आता कौतुकाने सांगतो, पण त्यातला एक भाग सांगायचा राहतो. मंगळवारच्या घरी पाणी भरायला लावलं, दळण आणायला लावलं, लहान मुलाला खेळवायला लावलं, तरी त्या मुलाला तोंड उघडता येत नसे. उघडलं तर मंगळवारी उपास. काम किती आणि जेवण कशाचं, हे कधी ठरलेलंच नसायचं.

म्हणून तुमच्याकडे ठरवा. रोज एक तास, आठवड्यातून सहा दिवस, रविवार सुट्टी. महिन्याचे २६ तास, मावशींच्याच दराने साडेतीन हजारांच्या आसपास. कामं दोनच धरा, संध्याकाळचा कुकर-भाजी आणि आठवड्यातून एकदा औषधं-भाजी आणणं. पोळ्या मावशींच्या, त्या सकाळीच दोन जास्तीच्या लाटून ठेवतील. बिलं भरायला शिकवायला सांगा, भरायला नको. एकदा शिकलात की तुमचं तुम्हाला येईल. तेवढं बँकेचं आपल्याच हातात बरं, यात मुलीवर अविश्वास नाही. उद्या पाचशे रुपये इकडचे तिकडे झाले तर तिच्यावर शंका येऊ नये, म्हणून. देवाची फुलं तुम्हीच आणा. खाली उतरणं होतं, गुडघ्यांना बरं.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. भाडं आणि पगार एकमेकांत वळते करू नका. पाच तारखेला तिने तुमच्या खात्यात चार हजार भाडं टाकायचं. त्याच दिवशी तुम्ही तिच्या खात्यात साडेतीन हजार पगार टाकायचा. 'मग पाचशेच द्यायला सांगते की, कशाला इकडून तिकडे' असं तुमच्या मनात येईल. नको. दोन्ही व्यवहार वेगळे दिसले, तर काम थांबलं तरी खोली थांबत नाही. मुख्य परीक्षेच्या आधी दोन महिने ती म्हणेल, आजी, आता काम नको. मग ती पूर्ण भाडं देईल, तुम्ही पगार देणार नाही, मावशी संध्याकाळी येतील, बस. भाडं कामातच मुरलेलं असेल तर काम थांबलं की ती फुकट राहणारी होते, आणि तुमच्या मनात नाही आलं तरी तिच्या मनात ते रोज येईल. आजारी पडली तरी तेच. कालनिर्णयवर दुधाचे खाडे मांडतो तसे तिचे मांडायला लागलात तर एका घरात राहणं अवघड होईल. महिन्याला दोन दिवस रजा पगारी धरा आणि पुढचं मोजू नका.

जेवण मात्र मी हिशेबात घेणार नाही. ती भाजी करते तर तुमच्याबरोबर जेवेल, तिचे मेसचे पैसे वाचतील, वाचू देत. पानातलं मोजायला लागलं की तूप वाढताना हात आखडतो. एवढं एक सैल राहू द्या.

क्लासच्या फीसाठी तिला कधी पैसे लागतील. द्यावेसे वाटले तर हातउसने द्या किंवा देऊन विसरा, पण 'कामातून फेड' म्हणून उचल देऊ नका. उचल देऊन माणसाला कामाशी बांधून ठेवणं १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने बंद केलेलं आहे. तुमच्या घरात तो शब्द मोठा वाटेल. पण फिटेपर्यंत काम सोडता येत नाही, अशी कुठलीही व्यवस्था त्याच वाटेने जाते.

मुलाच्या 'कूळ लागेल'कडे वळू, म्हणजे भाडेकरू कायमचा बसेल या भीतीकडे. त्याची भीती त्याची स्वतःची नाही, वडिलांकडून आलेली आहे. पेठांतल्या वाड्यांत १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याखाली महिना पंधरा-वीस रुपयांवर पिढ्यान्‌पिढ्या बसलेले भाडेकरू त्याच्या आजोबांनी पाहिले असणार. त्यात १९७३ साली कायदा बदलला आणि १ फेब्रुवारीला जे लायसन्सवर, म्हणजे नुसत्या वापराच्या परवानगीवर, जागेत होते ते भाडेकरू ठरले. तेव्हापासून पुणेकर घरमालकाने जी धास्ती घेतली ती अजून गेलेली नाही. पण तो कायदा आता नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, लागू झाला ३१ मार्च २००० पासून, आणि लिव्ह अँड लायसन्सवर दिलेल्या घराबद्दल तो मालकाच्या बाजूने बराच स्पष्ट आहे. मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर कलम २४ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि राहिलेल्या काळासाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट भरपाई मागता येते.

आता या कलमाशेजारी तुमचा बेत ठेवून बघा. शुल्क लिहिलंय 'घरकाम'. दुप्पट काय मागणार, पोळ्या? तिथेच दुसरी मेख आहे. याच कायद्यात लायसन्सवर राहणाऱ्याची जी व्याख्या आहे, तिच्यातून मालकाच्या नोकरीत असलेला माणूस वगळलेला आहे. म्हणजे काम आणि खोली एकात कालवलंत, की ती खोलीत कोणत्या नात्याने राहते यावरच वाद घालता येतो. कायद्यात पेइंग गेस्टचीही वेगळी व्याख्या आहे, मालक स्वतः राहतो त्याच जागेचा काही भाग ज्याला वापरायला दिला तो, आणि तोही त्या लायसन्सवाल्या व्याख्येत नाही. तुम्ही त्याच घरात राहता. म्हणून करार करणाऱ्या वकिलाला पहिल्याच वाक्यात सांगा की मी याच फ्लॅटमध्ये राहते आणि एक खोली देते आहे, मग कराराची भाषा तो त्याप्रमाणे करेल. छापील मसुद्यात नाव-पत्ता भरून मोकळा होणारा एजंट इथे कामाचा नाही.

करार नोंदवायचाच. 'अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही' असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. महाराष्ट्रात अकरा महिन्यांचा करारही लेखी आणि नोंदणीकृत लागतो, कलम ५५, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नसेल तर अटींबद्दल राहणारा जे सांगेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध करणं तुमच्यावर येतं. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षाही त्यात आहे. खर्च म्हणाल तर नोंदणी फी महापालिका हद्दीत एक हजार, आणि मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का. अनामत घेतलीत तर तिच्यावर दहा टक्के व्याज धरून तेही त्यात मिळवतात. चार हजारांच्या हिशेबाने मुद्रांकाचे शे-दोनशेच होतील. एजंटचे वरचे पैसे जातील ते जातील. हल्ली ते घरी येऊन आधारवर थंब घेतात, तुम्हाला दोन जिने उतरायला नकोत. अनामत एक महिन्याची घ्या, जास्त नको. करारात भाड्याचा आकडा असू द्या, कामाचा शब्दही नको. कामाचं वेगळ्या कागदावर, साध्या वहीच्या पानावर, दोघींच्या सहीने. आलेलं भाडं उत्पन्नात दाखवा, त्यातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते, पेन्शनच्या रिटर्नमध्येच बसेल.

पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यायची, तिचं आधार आणि फोटो लागेल, एजंटलाच सांगा.

सेक्रेटरींना विचारायला जाऊ नका, लेखी कळवा. सभासदाने आपल्याच घरात एक खोली दिली, स्वतः तिथेच राहते, करार नोंदवलाय, पोलिसांना कळवलंय, सोबत प्रती जोडल्या आहेत, एवढं चार ओळींत लिहा आणि पोच घ्या. 'बॅचलर चालत नाहीत' असा ठराव आहे का, तो कुठल्या उपविधीत बसतो, हे लेखी विचारलंत की बहुतेक ठिकाणी आवाज खाली येतो. त्र्याहत्तर वर्षांच्या बाईसोबत एक अभ्यास करणारी मुलगी राहते आहे, याला आक्षेप काय घेणार? घेतलाच तर आषाढातलं सांगा.

घरातल्या गोष्टी राहिल्या. तिच्या खोलीला आतून कडी आणि बाहेरून कुलूप हवं, किल्ली तिच्याकडे. तुम्ही खोलीत टकटक करून जायचं, केर काढायलासुद्धा. मैत्रीण आली तर चहा होईल, राहायला आली तर आधी विचारेल. अंडं चालणार नसेल तर आजच सांगा. आणि पाळीच्या दिवसांत स्वयंपाकघरात, देवघरात चालणार नाही असं तुमच्याकडे असेल, तर तेही आत्ताच बोला, किंवा मी म्हणेन आत्ताच सोडा. ज्या मुलीने तुमची भाजी करायची तिला महिन्यातून चार दिवस बाजूला बसवायचं, हे आता कुठल्याही घरात शोभत नाही.

पत्रात तुम्ही एका ठिकाणी 'मावशींच्या भरवशावर' असं लिहिलंय, ते मी वर गाळलं होतं. भरवसा चांगला, पण मावशींना मध्यस्थ करू नका. 'तुमच्या भाचीने काल गॅस चालूच ठेवला' हे मावशींना सांगायचं नाही. 'आजींना विचार की मी उशिरा येऊ का' हे तिने मावशींकरवी विचारायचं नाही. नाहीतर उद्या खोलीवरून काही बिनसलं, की मावशींना पोळ्या लाटताना तुमच्याशी मान खाली घालून बोलावं लागेल. दोघींचं तुमच्याशी असलेलं नातं वेगवेगळं राहू द्या.

आणि निघण्याचं आधी ठरवा, सुरुवातीलाच ते सोपं जातं. कुणाही एकीला नको वाटलं तर एक महिना आधी सांगायचं. तुमच्याकडून मात्र एक जास्तीची सूट. परीक्षेच्या तारखेआधीच्या दोन महिन्यांत तुम्ही तिला जायला सांगायचं नाही. हे कागदावर घाला. करार पहिल्यांदा अकराच महिन्यांचा करा, मग दोघींना पटलं तर पुढचा.

क्रम असा धरा. आधी ड्रिलवाला. मग मुलाला फोन, कराराचा मसुदा त्यालाही पाठवा, वाचायला काहीतरी मिळालं की तो शांत होईल. मग मावशींशी संध्याकाळच्या तासाबद्दल बोलणं. मुलीशी त्यानंतर, मावशी घरात नसताना, चहा करून. तिला आधी विचारा की तिचा दिवस कसा असतो, अभ्यासिका कुठली, परीक्षा कधी. मग खोली दाखवा आणि भाडं सांगा. कामाचं तुम्ही काढू नका. तिला हवं असेल तर ती काढेल, आणि तिने काढलं तर एक तास, एकशे तेहतीस रुपये, रविवार सुट्टी.